असंच म्हणायलात ना?

भुताखेतांवर माझा विश्वास न्हाई. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, अन् रिटायर झाल्यापासून सोनपेठच्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात दर रविवारी उपदेश करतो. अंगात येणं, झपाटणं, उतारा टाकणं हे सगळं झूट हाय, असं मीच गळा ताणून सांगितलेलं हाय. तरी बी सांगतो, मेलेला माणूस माझ्याशी बोलायचा. ते बी दिवसाढवळ्या. नळावर उभं राहावं तर मागून आवाज यायचा, "असंच म्हणायलात ना, कंडक्टरसाहेब?" अन् मग चष्म्याची डबी बंद झाल्याचा आवाज, टक. वळून बघावं तर शेजारची बाई रिकामी घागर घेऊन उभी. ती म्हणायची, "शांतवनदादा, बघायलात काय असं? घागर भरून वाहू लागली की तुमची."

आवाज व्यंकटराव गुरुजींचा. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, रिटायर झाल्यावर रामाच्या देवळात प्रवचन करायचे. सोनपेठात आमच्या धर्माचा त्यांच्याइतका मोठा विरोधक कुणी नव्हता, अन् माझ्याशी त्यांच्याइतकं न्यायानं बी कुणी वागलं न्हाई.

सुरुवात नऊ वर्षांपूर्वीची. आठवडी बाजारात मी पत्रकं वाटायलो होतो, अन् गळा फाडून सांगायलो होतो की हिंदूंचा कर्माचा सिद्धांत म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाकडं पाठ फिरवायचा बहाणा. गुरुजी मेथीची जुडी घेऊन चाललते. थांबले. म्हणाले, "मी असं म्हणत नाही. आधी मी काय म्हणतो ते माझ्यासारखं सांगा, मग खुशाल फाडा." मला वाटलं, म्हातारा उगं तकरार करायलाय. पण त्यांनी मला वाचनालयाच्या ओट्यावर नेलं अन् बसवलं. म्हणाले, याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरच्याची बाजू आधी आपण मांडायची, अन् अशी मांडायची की त्यानं स्वतः म्हणावं, हां, असंच. तोवर उत्तर द्यायचा हक्क न्हाई.

मला कर्माचा सिद्धांत नीट मांडायला तीन बाजार लागले. दर खेपेला गुरुजी मान हलवायचे, "नाही, अजून तुमचंच बोलायलात." चौथ्या बाजाराला म्हणाले, "हां, असंच." खात्याची परीक्षा पास झालो तेव्हा बी मला एवढा आनंद झाला नव्हता. मग त्यांची पाळी. आमच्यातली देवाची कृपा त्यांनी मांडली. म्हणाले, "तिकीट दुसऱ्यानं काढलेलं आहे, आणि आपण नुसतं बसून चाललोय. कमावलेलं काहीच नाही. असंच म्हणायलात ना?" माझ्या डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या कुण्या पाळकानं बी मला ते इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी उपदेशात ते मी माझंच म्हणून खपवलं.

तेव्हापासून दर बाजारी दुपारी ओट्यावर आमचं सुरू. त्यांची लोखंडी घडीची खुर्ची, माझा बाक. शेंगा फोडत माणसं ऐकायला बसायची. अन् झाल्यावर चहा गुरुजींच्या घरी. पहिल्या वर्षी माझा कप वेगळा असायचा, खिडकीत उपडा घातलेला, निळ्या काठाचा. मला कळत होतं, मी बोललो न्हाई. एक दिवस गुरुजींनी तो निळ्या काठाचा कप स्वतःपुढं ओढला अन् त्यांचा मला दिला. लीलाकाकू, त्यांच्या मंडळी, दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून वेगळा कप राहिला न्हाई.

आता माझं पाप सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वीचा बाजार. आदिनाथ म्हणून गावातला पोरगा हाय, पंचविशीचा, खताचं दुकान हाय त्याचं, अन् आमच्यावर दात. त्या दिवशी पाचपंचवीस पोरं घेऊन ओट्यापुढं आला अन् म्हणाला, "गुरुजी, तुमी यांना नाहक इज्जत देता. हे गरिबाच्या दुखण्याचा फायदा घेतात, देवाचं नाव घेऊन त्याला फसवतात. इचारा ह्याला, ह्याच्या प्रार्थनेनं आजवर काय झालंय? एक तरी दाखव म्हणावं!" पोरं हसली. आमची मंडळी बाजूला उभी होती, बायकापोरं खाली मान घालून. माझं डोकं तापलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हणलं, "कडूबाईचे डोळे बघा! आंधळी होती, आमी गुडघे टेकले, आज ती गहू निवडायलीय!"

कडूबाई आमच्याच मंडळीतली म्हातारी. तिनं उपासनेत उभं राहून साक्ष दिलती. साक्ष अशी होती, "परभणीला मोतीबिंदूचं आपरेशन झालं. पर तुमी प्रार्थना केली म्हणून माझं भ्या गेलं. देवाचे उपकार." एवढीच. मी तिच्यातलं पहिलं वाक्य खाल्लं अन् तिसरं घेऊन बाजारात उभा राहिलो.

गुरुजी माझ्याकडं बघायले. मग नेहमीसारखं त्यांनी माझं म्हणणं मांडलं. "म्हणजे कडूबाईंना दिसत नव्हतं, तुम्ही प्रार्थना केली, आणि आता दिसतं. असंच म्हणायलात ना?"

"हो." यात तसं खोटं काही न्हाई, असं मी मनाला सांगितलं.

"मध्ये दुसरं काही झालं नाही. असंच?"

"हो."

"कुण्या डॉक्टरचा हात त्या डोळ्यांना लागला नाही. असंच म्हणायलात ना, कंडक्टरसाहेब? विचार करून सांगा. मला घाई नाही."

"हो म्हणलं ना!" मी ओरडलो.

तीन वेळा. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट मी मंडळीला किती डाव सांगितली असंल. तिथं नाकारल्याबरोबर कोंबडं आरवलतं तरी. इथं बाजारात कोंबड्या पाय बांधून पडल्या होत्या, एक बी बोलली न्हाई. गुरुजींनी चष्मा काढला, डबीत ठेवला, टक करून बंद केली. "ठीक. मग माझ्याकडं उत्तर नाही," म्हणाले अन् घराकडं चालायले. चहाला या म्हणाले न्हाईत.

आदिनाथचं तोंड बघण्यासारखं झालं. आमच्या पोरांनी मला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. आबासाहेब, आमच्या मंडळीचे पंच, त्यांनी सगळं मोबाइलमधी घेतलं होतं. रात पडायच्या आत ते जिंतूरपर्यंत पोचलं. "गुरुजी गप झाले!" एवढंच जो तो सांगायलाय. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, हे बी सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली. पायरीवर बसली, पदरानं डोळे पुसले. म्हणली, "दादा, तुमी डाक्टरचा हात लागला न्हाई म्हणले व्हय?"

"बोलण्याच्या भरात निघून गेलं, मावशी."

"आवो, पर मास्तरानंच तर नेलतं मला! लेकाला येळ नव्हता. मास्तर मला घेऊन एसटीनं गेले, दोन दिवस खाटंपाशी बसले. पट्टी सोडली तवा पहिलं त्यांचंच तोंड दिसलं मला. गाजावाजा नको म्हणले, म्हणून म्या बोलले न्हाई."

म्हणजे गुरुजींना ठाऊक होतं. पहिला प्रश्न विचारताना बी ठाऊक होतं. एका वाक्यात माझी भर बाजारात फजिती करता आली असती त्यांना, अन् त्यांनी तीनदा मला परत यायला वाट ठेवली. अन् मी तीनदा ती लाथाडली.

जायला पाहिजे होतं. घर काय दूर हाय? देवळाच्या मागची गल्ली. पण पुढच्या बाजाराला मी ताप आलाय म्हणून पडून राहिलो, त्याच्या पुढच्याला लग्न काढलं कुणाचं तरी, अन् मग जाणंच सोडलं. लांबून बघायचो. गुरुजी ओट्यावर यायचे, खुर्ची उघडायचे, समोर माझा रिकामा बाक, तासभर बसायचे अन् उठून जायचे. अकरा महिने. मग एका सकाळी गेले, झोपेतच. मी गोदावरीपर्यंत गेलो, पण माणसांच्या मागं उभा राहिलो. चितेला हात जोडायची बी लाज वाटली.

तिसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला. नळावर, स्टँडवर, पिठाच्या गिरणीत. प्रार्थनाघरात मी उपदेश संपवून आमेन म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून टक. मी उपदेश तोकडे केले. मग साक्षी घ्यायचं बंद केलं. आबासाहेब म्हणाले, "तब्येत दाखवा." काय दाखवू? बाजाराच्या दिवशी ओट्यावरून जावं तर ती घडीची खुर्ची वाचनालयाच्या खिडकीला टेकून ठेवलेली असायची. एक डाव ती उघडलेली दिसली, बाकासमोर. कुणी उघडली ते विचारायची माझी छाती झाली न्हाई.

असे सात महिने गेले. मग एका बाजाराला, सकाळी, दारात एक बाई आली. चतुराबाई, येलदरीकडची, साठीची. लेकाचा हात धरून. लेक परमेश्वर, येलदरीच्या धरणात मासे धरतो. बाई चौकटीला चाचपडत आत आली अन् माझ्या आवाजाकडं तोंड करून बसली.

"दादा, लय लांबून आलो," ती म्हणली. "ह्यो म्हणायचा डाक्टरकडं चल, डाक्टरकडं चल. म्या म्हणलं न्हाई. त्या कडूबाईवानी मला बी प्रार्थनेनंच पाहिजे."

मी म्हणलं, "कुणी सांगितलं तुमाला?"

"मोबाइलात ऐकलं की. तुमी म्हणले, डाक्टरचा हात लागला न्हाई. तुमचं एकट्याचं कुणी खरं धरलं नसतं, राग नका मानू. पर ते मास्तर तुमच्या इरोधातले, अन् कधी हारत न्हाईत म्हणत्यात. त्यांनी तीन डाव इचारलं अन् गप झाले. मंग म्या म्हणलं, खरंच असल." तिनं मान पुढं केली. "डाक्टरबिगर झालं. असंच हाय ना, दादा?"

असंच हाय ना. जिवंत बाईच्या तोंडून. गुरुजींचं गप राहणं मी माझ्यावरचे उपकार समजत होतो, अन् इथं तेच माझ्या खोट्याचा पुरावा झालतं! खरं सांगतो, त्या मेलेल्या माणसाचा मला संताप आला. एवढा न्याय कशाला करायचा माणसानं? हाणायचं होतं एक तिथल्या तिथं!

"बसा. चहा घ्या," एवढंच बोललो अन् चप्पल बी न घालता बाहेर पडलो.

लीलाकाकू अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या न्हाईत. मी उभ्या उभ्याच सगळं ओकलो. कडूबाई, तीन प्रश्न, ती येलदरीची बाई, आवाज सुद्धा सांगितला. त्यांचे हात थांबले न्हाईत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला सगळं माहीत आहे, शांतवनराव. आवाजाचं तेवढं माहीत नव्हतं."

मग आत गेल्या अन् निळ्या काठाचा कप घेऊन आल्या. रिकामा. "तुम्ही यायचं बंद केल्यावर दर बाजारी ते दोन कप चहा ठेवायला लावायचे. एक असा गार व्हायचा. मी म्हणायचे, तुम्हीच जाऊन सांगून टाका की, लोक खोट्याला खरं समजायलेत. ते म्हणायचे, माझ्या तोंडून निघालं तर तो हरेल. त्याच्या तोंडून निघू दे. तीस वर्षं विनातिकीट कुणाला सोडलं नाही त्यानं, तो स्वतःला सोडणार नाही. येईल तो." त्यांनी कप उपडा घातला. "अकरा महिने मी दुसरा कप ओतून टाकला. चुकलं त्यांचंही. इतका विश्वास ठेवायला नको होता त्यांनी."

"काकू, मला माफ..."

"माझ्यापुढं नको. जिथं बोललात तिथं बोला."

ओट्यावर पोचलो तेव्हा बाजार भरलेला होता. चतुराबाईला अन् तिच्या लेकाला मी घरून सोबत घेतलं होतं. कडूबाई बी काठी टेकत आलती. आबासाहेबांना कुणीतरी वर्दी दिली, ते धापा टाकत आले अन् माझं मनगट धरलं. "शांतवन, येडे का काय तुमी? झाकली मूठ सव्वा लाखाची. आदिनाथ तिथं उभा हाय. उद्या आपल्या लेकराबाळांना गावात तोंड काढता येणार न्हाई."

त्यांचं खोटं नव्हतं. आमची पंचवीस घरं. त्यांची पोरं तिथल्याच शाळेत जातात. मी ओट्यावर चढलो, गुरुजींची खुर्ची उघडली, बाकासमोर ठेवली अन् माझ्या जागी बसलो. माणसं जमली. आदिनाथनं मोबाइल वर धरला.

"आदिनाथ," मी म्हणलं, "दीड वर्षापूर्वी तू एक बोललास. त्याचा पूर्वपक्ष मी मांडला नव्हता. आज मांडतो. तू म्हणतोस, आमी गरिबाच्या दुखण्याचा फायदा घेतो अन् देवाचं नाव घेऊन त्याला फसवतो. असंच म्हणायलास ना?"

तो गडबडला. "हां... असंच."

"तर त्या दिवशी मी तेच केलं."

मी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, आपरेशन, साक्षीतलं खाल्लेलं वाक्य. गुरुजींनीच तिला नेलं होतं अन् तरी गप राहिले, ते बी सांगितलं. म्हणलं, प्रार्थनेनं भीती जाते, हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगंन. पण डोळ्याला डॉक्टर लागतो, अन् देवाला माझ्या खोट्याची गरज नव्हती. गरज मला होती, जिंकायची. कडूबाई खालून ओरडली, "असंच हाय! असंच झालं!" मी खुर्चीकडं बघितलं. आता टक होईल म्हणून कान लावला. काहीच झालं न्हाई. मला वाटलं, सुटलो. देवाशपथ, तेवढा एक क्षण मला हलकं वाटलं.

मग चतुराबाई उठली. लेकाचा हात सोडून दोन पावलं ओट्याकडं आली. तिचं तोंड माझ्याकडं न्हाई, खुर्चीकडं होतं. आवाज कुठून येतो त्याचा तिला अंदाज चुकला असंल.

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं, दादा?" ती म्हणली. चिडून न्हाई, नुसतं विचारलं. "तुमी मोबाइलात बोलले तवा माझे दोन्ही डोळे व्हते की. जरा धुरकट दिसायचं, एवढंच."

उत्तर द्यायचं सोडून मी खाली उतरलो अन् तिचा हात लेकाच्या हातात दिला.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं मी दोघांना परभणीला नेलं. काचबिंदू निघाला, अन् डाव्या डोळ्यात वर मोतीबिंदू बी. डॉक्टर म्हणाले, उजवा पार गेलाय, वर्षापूर्वी आणलं असतं तर वाचला असता. डावा वाचवायचा प्रयत्न करू. आपरेशन झालं. मी खाटंपाशी बसलो, दोन दिवस. पट्टी सोडली तेव्हा समोर मीच होतो. तिनं डाव्या डोळ्यानं बघितलं अन् लेकाला विचारलं, "हेच का ते?" लेक म्हणाला, "व्हय."

आदिनाथनं माझं बोलणं मोबाइलवर फिरवलं. "आमी फसवतो, तेच केलं," एवढंच कापून. पुढचंमागचं खाल्लं. आमच्या तीन घरांनी प्रार्थनाघरात यायचं सोडलं, अन् आबासाहेब माझ्याशी बोलत न्हाईत. आदिनाथवर चिडायला माझ्याकडं तोंड न्हाई. कापायची विद्या मीच तर दाखवली होती.

गुरुजींचा आवाज त्या दिवसापासून बंद झाला. नळावर न्हाई, गिरणीत न्हाई. मी ओट्यावर जाऊन बसतो, खुर्ची उघडून ठेवतो, लीलाकाकूंकडं चहाला जातो. ते आता येत न्हाईत.

आता चतुराबाई येते, जिवंत. तिची लेक इथं सोनपेठात दिली हाय, म्हणून महिन्या-दोन महिन्याला बाजारी येते. भाजी घेते, ओट्यापाशी थांबते, डाव्या डोळ्यानं माझ्याकडं नीट बघते अन् जाते. आधी का न्हाई सांगितलं, हे एक डाव तरी तिनं परत विचारावं, त्या दिवसावानी, सगळ्यांसमोर. मी दर बाजारी तयार होऊन बसतो. ती विचारत न्हाई.